खाऱ्या वाऱ्यात टिकणारा १२ व्होल्टचा एलईडी दिवा: करंट धरणारा ड्रायव्हर आणि डिमर

बॅटरीवर १२ व्होल्ट लिहिलेलं असतं, पण होडीवरच्या किंवा पडवीतल्या सोलरच्या बॅटरीला मीटर लावला तर पहाटे ११ दिसतात आणि दुपारी चार्जिंग जोरात असताना १४.४. एक वॅटचे तीन पांढरे एलईडी एकामागोमाग जोडले तर त्यांना मिळून साधारण ९.३ व्होल्ट लागतात. उरलेले व्होल्ट खायला ११ ओहमचा रेझिस्टन्स लावायचा, हा दुकानात मिळणारा सल्ला. १२.६ व्होल्टला तो बरोबर ३०० मिलिॲम्प देतो. ११ व्होल्टला मात्र दीडशेच राहतात आणि १४.४ ला चारशेच्या वर जातात. म्हणजे पहाटे जाळी आवरताना दिवा मिणमिणतो आणि दुपारी चुकून चालू राहिला तर एलईडी भाजून निघतात.

दोष रेझिस्टन्सचा नाही, एलईडीच्या स्वभावाचा आहे. त्याच्यावरचं व्होल्टेज किंचित वाढलं की करंट कितीतरी पटींनी वाढतो. शिवाय एलईडी तापला की दर अंशाला त्याचं व्होल्टेज २ ते ४ मिलिव्होल्टने उतरतं, त्यामुळे ठरलेल्या व्होल्टेजवर तो आणखी करंट ओढतो आणि आणखी तापतो. म्हणून एलईडीला व्होल्टेज नेमून द्यायचं नसतं, करंट नेमून द्यायचा असतो. स्विचिंग ड्रायव्हर, म्हणजे स्विच झपाट्याने चालू-बंद करत करंट धरणारं सर्किट, तेच करतो, आणि जास्तीचे व्होल्ट उष्णतेत घालवत नाही.

इथे पीटी ४११५ ही आयसी (चिप) धरली आहे. स्वस्त आहे, ८ ते ३० व्होल्टवर चालते, स्विचचं काम करणारा मॉसफेट (एक ट्रान्झिस्टर) तिच्या पोटातच असतो. हा दिवा पडवी, खळं, होडीचा माळा, इंजिनाची जागा यांच्यासाठी आहे. मासे ओढून घ्यायला एलईडी लावणाऱ्या मासेमारीवर केंद्र सरकारने २०१७ मध्येच बंदी घातली आहे, तिथे हा लेख लावू नका.

करंट कसा धरला जातो

बॅटरीच्या प्लसमधून करंट आधी ०.३३ ओहमच्या छोट्या रेझिस्टन्समधून जातो, मग तिन्ही एलईडींमधून, मग कॉइलमधून, आणि शेवटी आयसीच्या एसडब्ल्यू (स्विच) पायातून मायनसला. आयसी फक्त त्या छोट्या रेझिस्टन्सवरचं व्होल्टेज बघत बसते. स्विच चालू असला की कॉइलमुळे करंट एकदम न उसळता उताराने चढतो. रेझिस्टन्सवर ११५ मिलिव्होल्ट झाले की आयसी स्विच तोडते. कॉइल आपला करंट लगेच सोडत नाही. तो डायोडमधून वर प्लसला येतो आणि पुन्हा त्याच रेझिस्टन्समधून, त्याच एलईडींमधून फिरत हळूहळू उतरतो. ८५ मिलिव्होल्टला आला की स्विच पुन्हा चालू. या दोन खुणांच्या मधोमध १०० मिलिव्होल्ट, म्हणून हिशेब सोपा: ०.१ भागिले रेझिस्टन्स. ०.३३ ओहमला ३०३ मिलिॲम्प. करंट २५८ ते ३४८ च्या दरम्यान खालीवर होतो, पण इतक्या वेगाने की डोळ्याला पत्ता लागत नाही.

वेग किती? कॉइल १०० मायक्रोहेन्रीची आणि बॅटरी १३ व्होल्टची असेल तर करंट चढायला सुमारे २.७ मायक्रोसेकंद लागतात आणि उतरायला ०.९. म्हणजे साधारण २८० किलोहर्ट्‌झ. बॅटरी ११ वर आली की चढायला साडेसहा मायक्रोसेकंद लागतात, उतरायला तेवढेच ०.९, आणि वेग १३५ च्या आसपास येतो. १४.४ ला साडेतीनशेपर्यंत जातो. बॅटरी हलते तसा वेग हलतो, करंट हलत नाही. सगळी गंमत एवढीच आहे.

डायोडचं काम खारभूमीच्या बांधाला बसवलेल्या उघाडीसारखं आहे. ओहोटीला आतलं पाणी बाहेर जाऊ द्यायचं, भरती लागली की झडप मिटायची. झडप जड असली तर मिटेपर्यंत खारं पाणी शेतात शिरतं. १एन४००७ हा डायोड तशी जड झडप आहे. तो मिटायला काही मायक्रोसेकंद घेतो, आणि इथे तर अख्खा फेराच साडेतीन मायक्रोसेकंदांचा. प्रत्येक फेऱ्याला उलटा करंट शिरतो, डायोड आणि आयसी दोन्ही तापतात. इथे शॉटकी, म्हणजे झटकन मिटणारा डायोडच हवा: एसएस१४, एसएस२४ किंवा पायवाला १एन५८१९. ‘डायोड तो डायोड’ म्हणून १एन४००७ लावलेल्या बोर्डावर बोट ठेवलं की दोन मिनिटांत कळतं.

सामान

पीटी ४११५ एक. ०.३३ ओहमचा पाव वॅटचा रेझिस्टन्स, एक टक्क्याचा मिळाला तर उत्तम (त्यावर आर३३० छापलेलं असतं). कॉइल १०० मायक्रोहेन्रीची, सॅच्युरेशन करंट निदान ०.६ ॲम्पिअर, तारेचा रेझिस्टन्स अर्ध्या ओहमच्या आत. शॉटकी डायोड ४० व्होल्टचा. इनपुटला १०० मायक्रोफॅरड ३५ व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक आणि त्याला समांतर १ मायक्रोफॅरड ५० व्होल्टचा सिरॅमिक. एलईडींच्या माळेवर आडवा १ मायक्रोफॅरड सिरॅमिक. १ ॲम्पिअरचा फ्यूज आणि व्होल्टेजचा झटका अडवणारा एसएमबीजे१८ए हा एकदिश टीव्हीएस डायोड. डिमरसाठी ४.७ व्होल्टचा झेनर (तेवढंच व्होल्टेज धरून ठेवणारा डायोड) आणि ४.७ किलोओहमचा रेझिस्टन्स. एक वॅटचे तीन एलईडी ताऱ्याच्या आकाराच्या ॲल्युमिनियमच्या चकतीवर बसवलेले, आणि १०० बाय ७५ मिलिमीटरची ३ मिलिमीटर जाड ॲल्युमिनियमची पट्टी.

कॉइल भंगारातून काढू नका. जुन्या सीएफएलमधली किंवा मोबाइल चार्जरमधली कॉइल दिसायला सारखीच असते, पण तिचा गाभा किती करंटला भरतो ते तिच्यावर लिहिलेलं नसतं. गाभा भरला की कॉइल तारेच्या तुकड्यासारखी वागते, करंट उताराने न चढता उडी मारतो, आणि आयसी स्विच तोडेपर्यंत ठरलेल्या खुणेच्या बराच पुढे गेलेला असतो. दिवा लागतो, म्हणून चूक लक्षातही येत नाही. आयसी मात्र उन्हाळ्यात जाते.

चौथा एलईडी जोडायचा मोह टाळा. चारांना १२.४ व्होल्ट लागतात. हा ड्रायव्हर व्होल्टेज उतरवतो, चढवत नाही. तीन असतानाही बॅटरी दहाच्या खाली गेली की स्विच सतत चालूच राहतो आणि करंट घसरू लागतो. त्यात बिघाड काही नाही, आणि लेड ॲसिड बॅटरी इतकी खाली नेऊही नये.

तयार मॉड्यूल घेतलं तर उलटून पाहा. कित्येकांवर इनपुटला चार डायोडचा ब्रिज असतो, कारण ते १२ व्होल्ट एसीच्या स्पॉटलाइटसाठी बनवलेले असतात. साधे डायोड असतील तर ब्रिज १.४ व्होल्ट खातो आणि पहाटेच्या ११ व्होल्टमधून ९.६ च उरतात. प्लस आणि मायनस ब्रिजच्या पुढे, थेट कॅपॅसिटरच्या पायांवर सोल्डर करा. रेझिस्टन्सवर काय छापलंय तेही वाचा: आर१५० म्हणजे ६६७ मिलिॲम्प, एक वॅटच्या एलईडीला ते दुपटीहून जास्त.

जोडणी

०.३३ चा रेझिस्टन्स आयसीच्या व्हीआयएन (बॅटरीचा प्लस) आणि सीएसएन (करंट मोजणारा) या दोन पायांना चिकटूनच हवा. मध्ये १० सेंटिमीटर बारीक वायर आली तर तिचाच रेझिस्टन्स १२ मिलिओहमच्या घरात जातो आणि करंट चार टक्क्यांनी घटतो. सुकं सोल्डर तर त्याहून वाईट, कारण ते आज एक आणि उद्या वेगळं असतं. सिरॅमिक कॅपॅसिटर व्हीआयएन आणि जीएनडी (मायनस) पायांच्या शेजारी. डायोडचा पट्टा असलेला पाय व्हीआयएनकडे, दुसरा एसडब्ल्यूकडे. एसडब्ल्यू, कॉइल आणि डायोड जिथे भेटतात तो कथिलाचा ठिपका जितका लहान तितकं बरं, रेडिओत शिरणारी सगळी खरखर तिथूनच निघते. बॅटरीची जोडवायर पीळ देऊन आणली नाही तर आकाशवाणी रत्नागिरी लावल्यावर बातम्यांच्या मागे घरघर ऐकू येईल.

आता सर्वांत महाग चूक. एलईडींचं मायनस टोक हे बॅटरीचं मायनस नव्हे. ते कॉइलला जातं. होडीवर इंजिनाचं अंग मायनस धरून एकाच वायरवर दिवे लावायची सवय असते. तसं इथे केलं तर करंट रेझिस्टन्समधून आणि एलईडींमधून थेट मायनसला पळतो. मध्ये ना कॉइल, ना स्विच. आयसीला सगळं दिसतं, पण तोडायला तिच्या हातात काहीच नसतं. दिवा क्षणभर लखकन पेटतो आणि संपतो. म्हणून एलईडीपर्यंत दोन वायरी न्या, आणि ताऱ्याखालची पट्टी एलईडीच्या कुठल्याही टोकाला लागत नाही हे मीटरच्या बझरवर तपासा.

फ्यूज बॅटरीपाशी, टीव्हीएस बोर्डाच्या तोंडाशी, पट्टा प्लसकडे. इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल ढिलं झालं की अल्टरनेटर जो झटका देतो तो टीव्हीएस २९ व्होल्टच्या आसपास अडवतो. कोणी प्लस-मायनस उलटं लावलं तर तोच डायोड सरळ वाहतो आणि फ्यूज उडतो, बोर्ड वाचतो. इलेक्ट्रोलिटिक गाळून नुसता सिरॅमिक ठेवू नका. दोन-तीन मीटर वायर आणि सिरॅमिक मिळून जोडणीच्या क्षणी व्होल्टेज जवळजवळ दुपटीपर्यंत उसळतं.

पहिल्यांदा वीज देताना बॅटरीच्या प्लसमध्ये गाडीचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब ओळीत लावा. सगळं ठीक असेल तर बोर्ड पाव ॲम्पिअरच ओढतो आणि बल्ब काळाच राहतो. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पेटेल, बोर्ड जळणार नाही. मग मीटर मिलिव्होल्टवर ठेवून ०.३३ च्या दोन्ही टोकांवर धरा. ९५ ते १०५ दिसले की करंट बरोबर आहे. अर्ध्या तासाने ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बोट ठेवा. दोन-तीन सेकंदांत काढावंसं वाटलं तर ती साठ अंशांच्या घरात आहे, पट्टी मोठी घ्या. एलईडीची वायर चालू असताना काढून पुन्हा लावू नका. वायर सुटली की माळेवरचा कॅपॅसिटर बॅटरीइतका भरतो आणि जोडताना तो साठा एलईडींवर रिकामा होतो.

डिमर

डिम नावाच्या पायाला दोन भाषा समजतात. त्यावर ०.५ ते २.५ व्होल्टच्या मधलं स्थिर व्होल्टेज दिलं तर १०० मिलिव्होल्टची खूणच त्या प्रमाणात खाली येते: १.२५ व्होल्टला निम्मा करंट. ०.३ च्या खाली दिवा बंद. दुसरी भाषा पीडब्ल्यूएमची: पाय वर-खाली करायचा, वर असताना पूर्ण ३०३ मिलिॲम्प, खाली असताना शून्य, आणि डोळा सरासरी काढतो.

स्थिर व्होल्टेजची रीत सोपी. प्लसपासून ४.७ किलोओहम, तिथून मायनसला झेनर. झेनरवरून ८.२ किलोओहम आणि १० किलोओहमचा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टन्स) ओळीत मायनसला, पॉटचा मधला पाय डिमला. ८.२ गाळला तर पॉटचा वरचा निम्मा फेरा फुकट जातो, कारण अडीच व्होल्टनंतर काही बदलत नाही. दिव्यात लुकलुक नाही, रेडिओत खरखर वाढत नाही. पण पाचव्या हिश्श्याच्या खाली ही रीत भरवशाची नाही. खूण वीस मिलिव्होल्टवर आली की आयसीची स्वतःची दोन-तीन मिलिव्होल्टची चूकही मोठी ठरते, आणि दोन शेजारचे दिवे वेगवेगळे दिसू लागतात.

अगदी मंद उजेड हवा असेल, पहाटे तांडेलाचे डोळे दिपू नयेत इतका, तर पीडब्ल्यूएम. ५५५ ही टायमरची आयसी, १०० किलोओहमचा पॉट, दोन्ही टोकांना एकेक किलोओहम, दोन १एन४१४८ डायोड आणि ४७ नॅनोफॅरड यांनी साधारण ३०० हर्ट्‌झ मिळतात. ५५५ चं आउटपुट थेट डिमला देऊ नका. ते बॅटरीइतकं वर जातं आणि डिमला ६ व्होल्टच्या वर चालत नाही. मध्ये १० किलोओहम आणि बीसी५४७ हा ट्रान्झिस्टर लावा, कलेक्टर डिमला, एमिटर मायनसला. या रीतीत ८.२ आणि त्याखालचा पॉट नको, झेनरचा बिंदू सरळ डिमला जोडा. ट्रान्झिस्टरमुळे सगळं उलटं होतं: ५५५ वर असताना दिवा बंद. पॉटची टोकं अदलाबदल केली की फिरवण्याची दिशा सरळ होते.

वारंवारिता हवी तशी वाढवू नका. स्विच चालू झाल्यावर करंट शून्यापासून ३०० वर चढायला ८ मायक्रोसेकंद लागतात. ३०० हर्ट्‌झवर एक टक्का म्हणजे ३३ मायक्रोसेकंद, निभतं. २० किलोहर्ट्‌झवर दहा टक्के म्हणजे ५ मायक्रोसेकंद. करंट वर पोचायच्या आतच बंद, आणि पॉट फिरवूनही खालचा सगळा पट्टा अंधाराचा. माळेवर १ ऐवजी १०० मायक्रोफॅरड लावणाऱ्याचीही तीच गत होते. २०० च्या खालीही जाऊ नका, मान वळवताना उजेडाचे तुकडे दिसतात. तीनशेला कॉइल बारीक गुणगुणली तर तिच्या बुडाशी इपॉक्सीचा थेंब टाका.

आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) असेल तर त्याचा ४९० हर्ट्‌झचा पीडब्ल्यूएम पाय १ किलोओहममधून थेट डिमला चालतो, झेनर मात्र काढून टाका. डिमपासून मायनसला १० किलोओहम जरूर लावा. नाहीतर आर्डुइनो चालू होईपर्यंत दिवा पूर्ण भडकतो. पायऱ्या १०, २०, ३० टक्के अशा ठेवू नका. डोळ्याला दहा टक्के उजेड तिसऱ्या हिश्श्याइतका वाटतो, तेव्हा १, ३, १०, ३०, १०० बऱ्या.

खार

डिम पाय मोकळा सोडला तर दिवा पूर्ण लागतो, असं माहितीपत्रक सांगतं. ते खरं आहे, देशावर. आयसीच्या आत त्या पायाला ५ व्होल्टकडे ओढणारा रेझिस्टन्स १.२ मेगाओहमचा आहे, म्हणजे पकड अगदी नाजूक. खाऱ्या वाऱ्याने बोर्डावर मिठाचा थर बसतो. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी धरून ओलं होतं. पावसाळ्यात आपल्याकडे ती त्याखाली क्वचितच येते. तो ओला थर डिम आणि जीएनडी यांच्यात ६०० किलोओहमचा झाला तरी पायावर १.६७ व्होल्टच उरतात आणि दिवा दोन तृतीयांशावर येतो. ७५ किलोओहम झाला की दिवा बंदच. दुपारी ऊन पडलं की पुन्हा ठणठणीत. मग लोक बॅटरी बदलतात, एलईडी बदलतात.

म्हणून डिमर नको असला तरी ४.७ किलोओहम आणि झेनर लावाच, बिंदू थेट डिमला. मग १०० किलोओहमची गळती झाली तरी पायावर साडेचार व्होल्ट राहतात.

सोल्डर झाल्यावर बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने धुवा. फ्लक्सचा चिकटा राहिला तर मीठ त्यालाच धरतं. पूर्ण वाळवा, जुलैत ऊन नसेल तर साठ वॅटच्या बल्बखाली तासभर. मग ॲक्रिलिक कोटिंगचे दोन पातळ हात, मध्ये वीस मिनिटं. मीटर लावायच्या जागा आणि एलईडींची भिंगं आधी टेपने झाका. डबा बंद करायला व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका. त्यातून सुटणारं ॲसिड तांबं हिरवं करतं. न्यूट्रल क्युअर लिहिलेली ट्यूब मागा. डबा हवाबंद झाला असं समजू नका, दिवा थंड होताना तो वायरीच्या भोकातून दमट हवा ओढतोच. बुडाला ३ मिलिमीटरचं एक भोक खाली तोंड करून ठेवा, आत साचलेलं पाणी उतरून जाईल. ॲल्युमिनियम आणि स्टीलच्या स्क्रूमध्ये नायलॉनचा वायसर, नाहीतर एका हंगामात भोवती पांढरी भुकटी जमते.

१ जून ते ३१ जुलै बंदीच्या काळात होडी वर ओढलेली असते आणि दिवा तसाच लटकत राहतो. समुद्रात उतरण्याआधी ०.३३ वर मीटर धरा. ७० दिसले तर डिमचं व्होल्टेज मोजा, पण १० मेगाओहमच्या डिजिटल मीटरनेच. झेनर न लावलेल्या बोर्डावर काट्याचा मीटर स्वतःच पाय खाली ओढतो आणि नसलेली गळती दाखवतो. चांगल्या बोर्डावर डिजिटल मीटरलाही तिथे ५ ऐवजी साडेचारच दिसतात. डिम अडीचच्या वर असेल आणि तरी ७० च येत असतील, तर बॅटरीच्या तारेवर लोड असताना किती व्होल्ट पोचतात ते बघा. फ्यूजच्या होल्डरमध्ये हिरवा थर असण्याची शक्यता बोर्ड बिघडण्याहून जास्त.